पांढऱ्या वस्तू, कोरा कागद : जलरंगातल्या दहा चित्रांच्या नोंदी

४ ऑगस्ट

ठरलं एकदाचं. दहा चित्रं, सगळी पाव शीटची, म्हणजे ११ × १५ इंच. विषय एकच, पांढऱ्या वस्तू. ट्यूबमधला पांढरा रंग वापरायचा नाही. जे पांढरं दिसेल ते कागदाचं.

याला कारण वर्गातली नववीतली मुलगी. मागच्या महिन्यात तिनं विचारलं, "मॅडम, तुम्ही 'पांढरं राखा, पांढरं राखा' म्हणता, पण किती राखायचं?" मी म्हटलं, "सरावानं अंदाज येतो." ती मान डोलावून जागेवर गेली, पण तिचं समाधान झालं नव्हतं हे दिसतच होतं. होणार कसं? उत्तर माझ्याकडेच नव्हतं. इतकी वर्षं मी हे वाक्य वर्गात सोडते आणि पुढच्या टेबलाकडे वळते.

म्हणून प्रत्येक चित्राखाली इथे एक गोष्ट लिहायची: कोरा कागद किती उरला. पट्टी लावून नाही, नजरेनं.

५ ऑगस्ट

रंग चारच घेतले. अल्ट्रामरीन निळा, बर्न्ट सिएना, रॉ सिएना आणि क्विनाक्रिडोन रोज. दोन्ही सिएना एकाच घरातल्या. रॉ सिएनाची माती भाजली की तिच्यातलं पाणी उडून ती तांबूस होते आणि बर्न्ट सिएना म्हणून विकली जाते.

अलिझरिन क्रिमसन मुद्दाम वगळला. रंग देखणा, पण टिकत नाही, आणि पातळ वॉशमध्ये, म्हणजे पाणी घालून पातळ पसरलेल्या रंगात, तर फारच लवकर विटतो. दोन वर्षांपूर्वी एका पट्टीवर त्याचा फिकट हात मारून अर्धी पट्टी पुठ्ठ्याखाली झाकली होती आणि खिडकीत चिकटवली होती. आज काढून पाहिली. झाकलेला भाग गुलाबी आहे, उघडा भाग चहा सांडून पुसल्यासारखा. पांढऱ्या वस्तूंच्या सावल्या म्हणजे सगळे पातळच वॉश, तिथे हा रंग काय कामाचा? ही काही नवी माहिती नाही. रसेल आणि अ‍ॅबनी या दोन शास्त्रज्ञांनी जलरंग महिनोन्‌महिने उन्हात ठेवून तपासले होते, त्यांचा अहवाल १८८८ सालचा आहे. तरी हा रंग अजून कित्येक तयार पेट्यांमध्ये असतोच.

६ ऑगस्ट

आज फक्त कागद. घरात साठलेल्या पाच वेगवेगळ्या कागदांचे तुकडे फाडून खिडकीपाशी शेजारी शेजारी ठेवले. एकटा एकटा पाहिला तर प्रत्येक पांढरा. एका रांगेत मात्र एक सायीसारखा, एक राखाडीकडे झुकलेला आणि एक चक्क निळसर. निळसर दिसणाऱ्यात चकाकी आणणारं रसायन असतं, कपड्यांना नीळ द्यावी तसं. नोटा तपासायचा अतिनील टॉर्च मारला तर तो तुकडा एकटाच निळा पेटला. हे रसायन काळाच्या ओघात मंद होतं आणि कागद मग मूळ रंगावर येतो. म्हणजे आज ज्या पांढऱ्यावर भिस्त ठेवायची तोच उद्या बदलणार.

घेतला तो सायीसारखा. १०० टक्के कापसाचा, चौरस मीटरला ३०० ग्रॅमचा, कोल्ड प्रेस्ड, म्हणजे मध्यम खरखरीत. हॉट प्रेस्ड गुळगुळीत असतो, त्यावर रंग घसरतो आणि डाग पडतात. सगळ्यात खरखरीत तो रफ, त्यावर कोरडा ब्रश सुंदर चालतो, पण मला मऊ सावल्या हव्यात.

८ ऑगस्ट

चित्र १. चुरगळलेला कागद.

एक कोरा कागद चुरगळून टेबलावर ठेवला आणि त्याच्या घड्या रंगवल्या. नेहमीच्या सवयीनं पेन्सिलीनं रेखाटलं, उजेडाच्या बाजू कोऱ्या सोडल्या, सावल्या भरल्या. निम्म्याहून जास्त कागद कोरा राहिला. चित्र मेलेलं. नकाशातल्या बेटांसारखे राखाडी तुकडे दिसतात आणि मधे पोकळी. पांढरं भरपूर आहे, उजेड कुठेच नाही.

कोरा कागद: निम्म्याहून जास्त.

११ ऑगस्ट

चित्र २. निळ्या काठाचा एनॅमलचा मग.

आजची अडचण कडांची. मगाच्या पोटावर सावलीचा वॉश दिला, तो वाळला आणि त्याच्या कडेला गडद रेघ उमटली. सगळ्यांच्या चित्रांत येते ही रेघ. थेंबाची कड कागदाला घट्ट धरून बसते, पाणी तिथून जास्त वेगानं उडतं, ती तूट भरायला आतलं पाणी कडेकडे वाहतं आणि जाताना रंगाचे कण सोबत नेऊन तिथे टाकतं. कॉफीचा थेंब वाळल्यावर कडं उमटतं ना, तेच. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये याचा उलगडा 'नेचर'मध्ये छापला. चित्रकारांना रेघ आधीपासून माहीत होती, तिचं कारण नव्हतं.

गोल पोटावर अशी रेघ आली की तो मग कापल्यासारखा दिसतो. उपाय जुनाच, कड ओली असतानाच मऊ करायची. वर्गात मी 'ओला ब्रश फिरवा' एवढंच सांगते आणि निम्म्या मुलांचा रंग वाहून जातो. म्हणून आज स्वतःचा हात नीट पाहिला. ब्रश धुतला, भांड्याच्या काठावर निथळला, मग टिश्यूवर दोनदा टेकवला, तेव्हा कुठे तो हवा तसा झाला. टोक जुळलेलं, पण बोटाला लावलं तर फक्त गारवा लागतो, थेंब येत नाही. आणि ब्रश रंगावर फिरवत नाही मी. कडेच्या बाहेर, कोऱ्या कागदावर फिरवते, असा की ब्रशचं पोट कडेला जेमतेम शिवेल. रंग मग आपल्या पायांनी चालत येतो. हे 'टिश्यूवर दोनदा' मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.

कोरा कागद: एक तृतीयांश. पहिल्यापेक्षा बरं, पण मग अजून पुठ्ठ्याचा वाटतो.

१३ ऑगस्ट

वर्ग. आठही जण हजर.

दोरीवर पांढरी चादर वाळत घातली, अर्धी उन्हात, अर्धी सावलीत. प्रत्येकाला काळ्या कार्डाचा तुकडा दिला, त्याला पंचिंग मशीननं एकच भोक. एक डोळा मिटायचा, भोकातून चादरीचा सावलीतला भाग पाहायचा आणि जो रंग दिसेल तो कागदाच्या चिठ्ठीवर मिसळून लावायचा. भोकात चादर दिसत नाही, नुसता रंग दिसतो, मेख तेवढीच.

वर्गात एक निवृत्त गणिताचे शिक्षक आहेत. मी त्यांना सर म्हणते, ते मला मॅडम. दोघांनाही सवय झालीये. त्यांनी भोकातून पाहिलं, कार्ड खाली घेतलं, पुन्हा पाहिलं.

"मॅडम, ही चादर पांढरी नाहीच."

"मग कशी आहे, सर?"

"त्या करड्या पत्र्याएवढी गडद आहे. आणि निळी. आणि खाली फरशीपाशी पिवळट आहे. धुताना रंग लागलाय का हिला?"

सगळे हसले, पण त्यांची चिठ्ठी आठांत सर्वांत अचूक निघाली. मी त्यांची चिठ्ठी घेऊन चादरीच्या सावलीपाशी धरली तर ती जवळजवळ मिसळून गेली. मग तीच चिठ्ठी कोऱ्या कागदावर ठेवली. गडद, मळकट निळी-करडी. "हा रंग मी चादरीला कधीच दिला नसता," सर म्हणाले. मीही दिला नसता. डोळा सांगतो पांढरं आहे, म्हणून हात घाबरत घाबरत पाणी वाढवत राहतो.

१४ ऑगस्ट

चित्र ३. चादर.

कालच्या चिठ्ठ्या समोर लावूनच बसले. करडा नेहमीसारखा अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून केला. हा करडा मला तयार करड्याच्या ट्यूबपेक्षा केव्हाही आवडतो, कारण पॅलेटवर एक दिसला तरी कागदावर तो पुरता एक होत नाही. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात, सिएना त्यांच्या भोवती पसरते, आणि वाळल्यावर जवळून पाहिलं की निळे ठिपके आणि तांबूस धूर वेगवेगळे दिसतात. कापडाला लागणारा पोत फुकटात मिळतो.

पॅलेटवर टोन, म्हणजे रंगाचा गडदपणा, चिठ्ठीपेक्षा मुद्दाम गडद ठेवला. जलरंग वाळला की उतरतो. ओला असताना कागदाच्या तंतूंमधल्या फटी पाण्यानं भरलेल्या असतात, उजेड खोल शिरतो आणि कमी परत येतो. पाणी गेलं की फटीत हवा येते, उजेड वरच्यावर विखुरतो आणि रंग फिका पडतो. ओला असताना 'अगं बाई, फार काळं झालं' वाटलं तर बहुतेक वेळा तो टोन बरोबर असतो. पुसायला धावायचं नाही.

खालच्या घड्यांमध्ये रॉ सिएना सोडला, फरशीवरून उडालेला उजेड म्हणून. चादर तिथे आतून पेटल्यासारखी दिसते.

कोरा कागद: पाव.

१९ ऑगस्ट

चित्र ४ बाद. रंगवण्याआधीच.

त्याच कागदाचा पॅड संपला म्हणून कपाटातला जुना उघडला, दोन वर्षं पडून होता. पहिला फिकट वॉश दिला आणि डोळ्यांदेखत गडद ठिपके उमटायला लागले, अंगावर गोवर उठावा तसे. साइझिंग गेलेलं. कागद बनवताना त्याला जिलेटिनसारखं काहीतरी पाजतात, म्हणून पाणी लगेच आत शिरत नाही. दमट हवेत वर्षानुवर्षं पडला की ते जागोजागी कुजतं. तिथे कागद टीपकागदासारखा रंग पितो. कोरा असताना यातलं काही दिसत नाही. आता नवा कागद आणला की प्रत्येक पॅडच्या कोपऱ्यावर आधी पाण्याचा थेंब टाकून पाहायचा. थेंब गोल उभा राहिला तर ठीक, पसरून काळसर डाग झाला तर तो कागद रेखाटनाला.

कोरा कागद लिहीत नाही. चिडून पाठीवर सफरचंदाएवढी फुली मारली.

२१ ऑगस्ट

मास्किंग फ्लुइडबद्दल, म्हणजे पांढरी जागा रंगापासून झाकून ठेवणाऱ्या द्रवाबद्दल, वर्गात पुन्हा विचारणा. वापरा, पण मी या दहात वापरणार नाही. ते रबराचं दूध, वाळलं की रबर होतं. ब्रश आधी साबणात बुडवला नाही तर ब्रश संपला. कागदावर जास्त दिवस राहिलं तर सोलताना वरचा थर घेऊन येतं. हे सगळं सांभाळता येतं हो, पण त्याची कड! सगळीकडे सारखी, कात्रीनं कापल्यासारखी. ब्रशनं राखलेल्या पांढऱ्याची कड एका ठिकाणी धारदार, दुसऱ्या ठिकाणी हरवलेली असते. मास्किंगच्या जागा मला पाच फुटांवरून ओळखू येतात.

२५ ऑगस्ट

चित्र ५. शंख.

सगळं ओल्यावर ओलं, म्हणजे ओल्या कागदावर ओला रंग. इथे घड्याळ उपयोगाचं नाही, कागदाची चमक पाहायची. आधी पाणी तळ्यासारखं साठलेलं असतं. मग तळं मुरतं पण कागद आरशासारखा चकाकतो. मग चकाकी मंदावते, रेशमी कापडासारखी होते. मग चमक जाते, पण हाताची पालथी बाजू टेकवली तर गार लागतं. आणि मग कोरडा. शंखाच्या वळणाची मऊ सावली द्यायची ती चकाकी मंदावत असताना, त्या एखाद्या मिनिटात. आधी दिली तर वाहून जाते. आणि नेमक्या त्याच वेळी जास्त ओला ब्रश टेकला तर फ्लॉवर उगवतो. नवं पाणी जुन्या रंगाला ढकलत नेतं आणि कोबीच्या पानासारखी दातेरी कड सोडतं.

माझ्या शंखावर दोन फ्लॉवर उगवले. एक मी शिंपल्याचा पोत म्हणून खपवला. दुसरा नाही खपला.

वर्गात हे सांगितल्यावर सरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि मला दाखवलं: ब्रशमधलं पाणी < कागदावरचं पाणी. खाली दोन रेघा, सिद्धता पूर्ण झाल्यासारख्या. मी ते आता फळ्यावरच लिहून ठेवलंय.

कोरा कागद: पावाहून कमी.

३० ऑगस्ट

एकीनं विचारलं, पांढरा रंग वापरणं म्हणजे फसवणूक का? मुळीच नाही. जलरंगासाठीचा चायनीज व्हाइट विन्सर अँड न्यूटननं १८३४ मध्येच बाजारात आणला, आणि हा वादही जुनाच आहे. आणि अमेरिकन चित्रकार जॉन सिंगर सार्जंट, ज्याची पांढरी भिंत, पांढरी होडी, पांढरा पेहराव आपण सगळे डोळे फाडून पाहतो, तो गरजेनुसार अपारदर्शक पांढरा लावायचा, मेणही घासायचा. ब्रुकलिन म्युझियमनं १९०९ मध्ये त्याची ८३ जलरंगचित्रं एकदम विकत घेतली, त्यात कोणी शुद्धतेचं प्रमाणपत्र मागितल्याचं ऐकिवात नाही. माझी अट ही माझ्या या दहा चित्रांपुरती आहे, एका प्रश्नाचं उत्तर शोधायला. धर्म नव्हे.

३ सप्टेंबर

चित्र ६, भिंतीवरचा स्विचबोर्ड. बरा झाला, पण कंटाळवाणा. कोरा कागद: एक पंचमांश असेल.

७ सप्टेंबर

चित्र ७. खुंटीवरचा शर्ट.

आज उलटं केलं. कागदाला आधी पाणी दिलंच नाही. रॉ सिएनाचा चहाएवढा पातळ वॉश थेट कोरड्या कागदावर ओढला, शर्ट, भिंत, खुंटी, सगळ्यावरून, काही न ओळखता. फक्त दोन ठिकाणी ब्रश उचलला: डाव्या खांद्याची वरची कड आणि दुसरं बटण.

तो वाळू दिला. हेअर ड्रायर नाही, नुसती बसून राहिले. मग अल्ट्रामरीनमध्ये थोडा क्विनाक्रिडोन रोज घालून शर्टाची सगळी सावली एका दमात, कॉलरच्या आतून सुरू करून बाहीच्या टोकापर्यंत, मधे न थांबता. बारा नंबरचा गोल ब्रश एकदाच पूर्ण भरला आणि पुढे जाताना नुसतं पाणी घेत गेले. ओला असतानाच काखेपाशी बर्न्ट सिएनाचा एक थेंब सोडला. तो सरकत सरकत शिवणीपर्यंत गेला आणि तिथे थांबला, मी सांगितल्यासारखा. मग भिंत: शर्टापेक्षा एकच पायरी गडद, उजव्या बाजूला शर्टाची कड भिंतीत विरघळू दिली.

इथे नेहमी मी घड्या 'नीट' करायला जाते. आज ब्रश भांड्यात टाकला आणि खोलीबाहेर गेले. परत आले तेव्हा दारातूनच शर्ट पांढरा दिसला. स्वच्छ धुतलेला, ऊन खाल्लेला. जवळ जाऊन पाहिलं तर त्यात पांढरं काहीच नाही. पिवळट आहे, जांभळट आहे, करडं आहे. खरा कोरा कागद फक्त खांद्यावरची दोऱ्याएवढी कड आणि ते बटण.

कोरा कागद: तिळाएवढा. दोन तीळ म्हणू.

१० सप्टेंबर

सातवं चित्र वर्गात लावलं, काही न बोलता. त्या मुलीनं ते बराच वेळ पाहिलं, मग स्वतःचा कागद घेऊन एक मग रंगवायला बसली. आधी मागची भिंत गडद केली, मगाला हातच लावला नाही. नंतर मगावर सगळीकडे करडा वॉश दिला आणि काठावर एक रेघ सोडली. तिचा मग माझ्या चित्र २ पेक्षा उजळ आहे. मी दोन्ही शेजारी लावले, सगळ्यांनी पाहिलं, मीही पाहिलं.

मग शेव्हरुल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. पॅरिसच्या गोबेलँ या विणलेले चित्रपडदे करणाऱ्या कारखान्यात तो रंगाईचा प्रमुख होता. तक्रार अशी की काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. त्यानं तपासलं तर रंगात खोट नव्हतीच, शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा फिका वाटत होता. त्यातून त्याचा १८३९ चा ग्रंथ झाला. मगाचं पांढरंही तसंच मगाच्या बाहेर ठरतं.

"म्हणजे मॅडम, किती राखायचं ते शेजारी बघून?" तिनं विचारलं.

"शेजारी बघून, आणि सगळ्यात शेवटी. तोवर भरत जायचं."

"मग 'आधी पांढरं राखा' का सांगायचात?"

मला तसंच शिकवलं होतं म्हणून. हे मी तिला सांगितलंही.

१२ सप्टेंबर

चित्र ८, पुन्हा चुरगळलेला कागद, पहिल्याच विषयावर. उजेड आला, पण एका घडीत क्विनाक्रिडोन रोज जास्त पडला. उचलायला गेले. अल्ट्रामरीन ओल्या ब्रशनं बऱ्यापैकी उचलला गेला, रोज नाही. क्विनाक्रिडोन तंतूंना धरून बसतो. वाळल्यावर ब्लेडच्या टोकानं खरवडून दोन ठिणग्या काढल्या. ३०० ग्रॅमचा कापसाचा कागद एवढं सोसतो, पण एकदाच. खरवडलेल्या जागी पुन्हा रंग लावला तर तो लोकरीसारखा पसरतो.

कोरा कागद: राखलेला काहीच नाही, खरवडलेला दोन ओरखडे.

१६ सप्टेंबर

चित्र ९ झालं, पांढरा खडू काळ्या फळ्याच्या कडेवर. विषयच असा की चूक व्हायला जागा नव्हती, म्हणून फारसं लिहीत नाही. चित्र ४ च्या जागी आणखी एक काढावं लागेलच, तेव्हा मोजणी नऊ नाही, आठ.

मोठी उडी घ्यायची ती आता, उन्हातली चादर पुन्हा, पण अर्ध्या शीटवर. एवढ्या आकारात पहिला वॉश ओढताना कागद फुगतो आणि रंग दऱ्यांत साठतो, म्हणून आज ताणून घेतला. बादलीत दहा मिनिटं भिजवला, बोर्डवर सपाट केला, चारी बाजूंनी गोंदाची कागदी टेप ओली करून लावली. ओला कागद फुगलेला असतो, वाळताना आकसतो आणि टेप त्याला आकसू देत नाही, मग तो ढोलकीच्या पुडीसारखा तणतो. बोर्ड आडवा ठेवलाय. उभा ठेवला की पाणी खाली उतरतं आणि वरची कड आधी वाळून टेप सोडते. हे मागच्या वेळी शिकले. उजव्या कोपऱ्यात एक फुगा अजून आहे. सकाळपर्यंत बसेल.